अंथरुणाला खिळलेल्या मावशीसाठी केअर सेंटर पाहतो आहे : अशा संस्थेकडे नेमकी कोणती नोंदणी असावी लागते?

प्रश्न : रंकाळावेस

नमस्कार. माझ्या मावशीचे वय त्र्याहत्तर आहे, तिला मूलबाळ नाही आणि काका गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. काही महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि गिळता येत नसल्यामुळे नाकातून घातलेल्या नळीवाटे अन्न द्यावे लागते. लघवीसाठीही नळी आहे. विस्मरणाचा त्रास झटक्याच्या आधीपासूनच होता. आता रात्री ती कुठे आहे हे तिला उमगत नाही आणि घाबरून ती नळी ओढून काढते. घरी दिवसाला एक आणि रात्रीला एक अशा बायका ठेवून पाहिल्या, पण कोणी टिकत नाही, आणि आम्हा दोघांच्या नोकऱ्या सांभाळून हे निभावणे आता हाताबाहेर गेले आहे. त्यामुळे नाइलाजाने बाहेर सोय पाहू लागलो.

एक ठिकाण शहरात पाहिले आणि एक पन्हाळा रस्त्याला, महापालिका हद्दीच्या बाहेर. शहरातल्या ठिकाणी कार्यालयाच्या भिंतीवर शॉप ॲक्टचा कागद आणि ट्रस्टचे नोंदणी प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. आणखी काही नोंदणी आहे का, असे विचारल्यावर ‘आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहोत, वृद्धाश्रमाला वेगळा परवाना लागत नाही’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की डॉक्टर फक्त व्हिजिटला येतात, त्यामुळे हॉस्पिटलचे नियम आम्हाला लागू होत नाहीत. दोन्ही ठिकाणी मावशीसारखेच, नळ्या लावलेले रुग्ण खाटांवर होते. एका स्नेह्यांनी निपाणीजवळचे एक ठिकाण सुचवले आहे, ते अजून पाहिलेले नाही.

माझा प्रश्न असा, की या उत्तरांत कितपत तथ्य आहे, अशा जागेची तपासणी कोण करते आणि माणूस स्वाधीन करण्यापूर्वी कोणते कागद मागावेत?

उत्तर : सेवानिवृत्त, सार्वजनिक आरोग्य खाते

आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत आणि त्यामुळेच ती धोकादायक आहेत. ट्रस्टची नोंदणी ही संस्थेच्या अस्तित्वाची नोंदणी असते. विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, हिशेब कसे ठेवले जातात, एवढाच तिचा संबंध. त्या इमारतीत रुग्ण ठेवण्याजोगी सोय आहे की नाही हे पाहायला धर्मादाय कार्यालयातून कोणी येत नाही आणि ते त्या कार्यालयाचे कामही नाही. शॉप ॲक्टचा कागद तर त्याहूनही तोकडा आहे, कारण 2017 च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेने केवळ ऑनलाइन सूचना दिली की तिला पावती मिळते. तो कागद चौकटीत लावला म्हणून संस्थेची कोणी तपासणी केली आहे असे मुळीच होत नाही.

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 या कायद्याखाली होते. पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपल्याकडे 1949 चाच कायदा चालतो आणि त्याच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये मोठी सुधारणा झाली. या कायद्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या फलकावर काय लिहिले आहे याला बांधलेली नाही. आजारी, जखमी किंवा शरीराने दुर्बल झालेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांना उपचार आणि शुश्रूषा पुरवणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह. प्रसूतिगृहही त्यातच येते. नाकातल्या नळीतून अन्न देणे, लघवीची नळी बदलणे, जखमेची मलमपट्टी करणे, इंजेक्शन देणे ही शुश्रूषा नाही असे कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही. त्यामुळे फलकावर ‘वृद्धाश्रम’, ‘सेवासदन’ किंवा ‘केअर सेंटर’ यांपैकी काहीही असले तरी आपल्या मावशीसारख्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या जागेने या कायद्याखाली नोंदणी करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘डॉक्टर फक्त व्हिजिटला येतात’ हा तर बचाव होऊच शकत नाही. उलट तो कबुलीजबाब आहे. शुश्रूषागृहाच्या व्यवस्थापनासाठी तिथेच राहणारी वैद्यकीय पात्रताधारक व्यक्ती किंवा पात्र परिचारिका नसणे, आणि शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसणे, ही नोंदणी नाकारण्याची कारणे म्हणून मूळ कायद्यातच नमूद आहेत.

नोंदणी तीन वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करावे लागते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. त्यावरची मुदत आणि खाटांची संख्या पाहा, आणि प्रत्यक्षात किती खाटा टाकल्या आहेत तेही पाहा. 2021 च्या नियमांनंतर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही दर्शनी लावावे लागते. ते दिसले नाही तर तिथेच विचारावे.

तपासणी कोणाची, याचे उत्तर जागेवर अवलंबून आहे. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग हे काम पाहतो आणि हद्दीबाहेर ते जिल्ह्याच्या शासकीय आरोग्य यंत्रणेकडे जाते. कोल्हापुरात हा फरक इतर शहरांपेक्षा जास्त जाणवतो. 1972 साली महापालिका झाली, पण हद्दवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षे रखडल्यामुळे शहर उचगाव, पाचगावच्या बाजूने केव्हाच वाढून गेले तरी कागदावरची हद्द मागेच राहिली. त्यामुळे शहराला लागूनच असलेल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत अशी केंद्रे निघतात आणि नागरिक तक्रार घेऊन महापालिकेत गेला की ती जागा आमच्याकडे येत नाही असे त्याला सांगितले जाते. आपण पन्हाळा रस्त्यावरच्या ठिकाणाबद्दल माहिती मागणार असाल तर अर्ज पहिल्यापासूनच जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक या दोन्ही कार्यालयांना पाठवा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अमुक पत्त्यावर शुश्रूषागृहाची नोंदणी आहे का, असल्यास किती खाटांची, आणि शेवटच्या तपासणीच्या अहवालाची प्रत, एवढेच मागा. तीन ओळींपेक्षा मोठा अर्ज लिहू नका, कारण पसरट प्रश्नाला पसरटच उत्तर येते.

निपाणीचे ठिकाण कर्नाटकात येते. तिथे खासगी वैद्यकीय आस्थापनांसाठी त्या राज्याचा 2007 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखालची नोंदणी पाच वर्षांची असते आणि तक्रारही बेळगाव जिल्ह्याच्या यंत्रणेकडेच करावी लागते. अंतर कमी म्हणून ते ठिकाण निवडले तरी कागद कर्नाटकचे पाहायचे, एवढे लक्षात असू द्या.

उत्तर : परिचारिका, इचलकरंजी

वरचे उत्तर कायद्याच्या बाजूने पुरेसे आहे. मी अतिदक्षता विभागात आणि नंतर घरपोच सेवेत काम केले आहे, म्हणून तिथे गेल्यावर काय पाहावे हे सांगते.

नळीतून अन्न देण्याच्या वेळी जा. आधी फोन करून जाऊ नका, पण भेटीच्या ठरलेल्या वेळेत जा, म्हणजे कोणी अडवणार नाही. अन्न देणारी व्यक्ती रुग्णाची मान आणि पाठ उंच करते का, नळी जागेवर आहे याची खात्री करते का, अन्न सिरिंजने जोर लावून ढकलते की आपोआप उतरू देते, आणि नंतर रुग्णाला लगेच आडवे करते की निदान अर्धा-पाऊण तास तसेच ठेवते, हे पाहा. आडवे ठेवून घाईने अन्न दिले की ते श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. असे रुग्ण ‘अचानक ताप आला’ म्हणून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, आणलेले मी पाहिले आहेत. ही चूक बहुतेक वेळा निष्काळजीपणाने होत नाही. ते काम करणाऱ्या बाईला कोणी शिकवलेलेच नसते म्हणून होते. त्या बाया मायेने करतात, रात्र रात्र जागतात, पण माया आणि प्रशिक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रत्येक पाळीत, विशेषतः रात्रपाळीत, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली परिचारिका कोण आहे हे नावानिशी विचारा आणि तिचा नोंदणी क्रमांक मागा. पांढरा ॲप्रन घातला म्हणून कोणी परिचारिका होत नाही.

खाटेच्या पायथ्याशी कूस बदलल्याच्या नोंदींचा कागद असतो. स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. तो कागद हातात घ्या. संपूर्ण दिवसाच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर त्या संध्याकाळी बसून भरलेल्या आहेत असे समजा. सुयांसाठी भोक न पडणारा पांढरा डबा आणि वापरलेल्या नळ्यांसाठी लाल पिशवी आहे का तेही पाहा. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम खाटांची संख्या कमी म्हणून सुटत नाहीत, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र लागते आणि हा कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाही. जिथे सुया साध्या कचऱ्याच्या बादलीत पडलेल्या दिसतात तिथे कचरा नेणाऱ्या संस्थेशी करारच झालेला नाही हे उघड आहे.

मावशी नळी ओढतात यावर आपल्या डॉक्टरांना एक विचारून ठेवा. नळी दीर्घकाळ लागणार असेल तर पोटातून बसवण्याच्या नळीचा पर्याय त्यांच्या बाबतीत योग्य आहे का? नाकातली नळी सतत टोचत असते, म्हणून रुग्ण ती ओढतो.

उत्तर : निवासी वृद्धसेवा केंद्र चालवणारा, हातकणंगले तालुका

मी स्वतः असे केंद्र चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो, आणि ती कोणाला झाकण्यासाठी मांडत नाही.

आमच्याकडे माणूस येतो तेव्हा चालता-फिरता येतो. दोन वेळचे जेवण, औषधांची आठवण, सोबत, एवढीच गरज असते. त्या टप्प्यावर आमचे केंद्र रुग्णालय नसते आणि रुग्णालयाचे निकष लावणेही योग्य नाही. पण माणूस म्हातारा होत जातो. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होऊन तो परत येतो तो अंथरुणावरच. नातेवाईक पुण्याला किंवा परदेशात असतात आणि ‘तुम्हीच सांभाळा’ म्हणून हात जोडतात. त्या दिवशी आम्ही त्याला नाही म्हणायचे का? नाही म्हटले तर तो कुठे जाणार? अशा रीतीने निवासाचे केंद्र नकळत शुश्रूषागृह होत जाते आणि तो टप्पा केव्हा ओलांडला हे ठरवणारा नियम कोणी लिहिलेला नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम शासनाने उभारण्याची तरतूद आहे, परंतु खासगी केंद्रांच्या नोंदणीची स्वतंत्र रचना त्या कायद्यात नाही. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी तसेच किमान निकष सुचवले होते. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, पण विधेयक मंजूर झाले नाही आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बाद झाले. नियम नसल्याने आम्ही सुखी आहोत असा समज असेल तर तो चुकीचा आहे. निकष ठरलेले असते तर चांगले केंद्र आणि गोठ्यात खाटा टाकून उघडलेले केंद्र यांत लोकांना फरक करता आला असता. आज दोघांचा फलक सारखाच दिसतो आणि ग्राहक शेवटी कमी दराकडेच जातो.

उत्तर : सेवानिवृत्त, सार्वजनिक आरोग्य खाते

आपली अडचण खरी आहे आणि ती मोकळेपणाने मांडलीत याबद्दल आदर वाटतो. तरीही ‘टप्पा केव्हा ओलांडला ते कळत नाही’ हे मला पटत नाही. नाकात नळी घातलेला पहिला रुग्ण ठेवून घेतला, त्या दिवशी तो ओलांडला. संपूर्ण केंद्राला रुग्णालयाचे निकष लावणे परवडत नसेल तर अंथरुणावरच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष करून, तेवढ्या खाटांसाठी पूर्णवेळ पात्र परिचारिका नेमून नोंदणीचा अर्ज करावा आणि बाकीचा भाग निवासी ठेवावा. दर वाढेल हे मान्य आहे, पण तो कशामुळे वाढला हे नातेवाइकांना सांगता येईल.

आगीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून जोडतो. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके दगावली. ते शासकीय रुग्णालय होते आणि शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा शासकीय रुग्णालयांना लागू नाही, पण जी व्यक्ती स्वतःच्या पायाने बाहेर पडू शकत नाही तिला आगीत काय होते हे त्या पहाटे दिसले, आणि अंथरुणावरची वृद्ध माणसे नेमकी त्याच अवस्थेत असतात. 2006 च्या राज्य कायद्यानुसार आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचे आहे ते विचारा. सिलिंडर भिंतीला टांगलेला असणे पुरेसे नाही. रात्री किती माणसे जागी असतात आणि वरच्या मजल्यावरचे रुग्ण खाली कसे आणणार, हे तोंडी विचारले तरी उत्तरावरून पुष्कळ कळते.

कोल्हापुरात याला पुराची जोड आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे आणि 2019 व 2021 साली पाणी तिच्या कितीतरी वर गेले. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्क या बाजूची जागा असेल तर त्या दोन्ही वर्षी तिथे पाणी कुठवर आले होते आणि रुग्णांना कुठे हलवणार, हे लिहून घ्या.

रंकाळावेस

सर्वांचे मनापासून आभार. शहरातल्या ठिकाणी पुन्हा जाऊन आलो. शुश्रूषागृहाची नोंदणी नाही हे त्यांनी आता मान्य केले. त्यांच्या कराराचा मसुदा हाती आला आहे आणि त्यात तीन गोष्टी खटकतात. दरमहाची रक्कम ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून लिहिली आहे, ‘आवश्यकता भासल्यास रुग्णाचे हात बांधण्यास नातेवाइकांची कायमस्वरूपी संमती आहे’ असे एक कलम आहे, आणि कोणत्याही दुर्घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही असे शेवटी छापले आहे. हे चालते का?

उत्तर : वकील, कोल्हापूर

पहिल्यांदा हात बांधण्याचे कलम, कारण तेच सर्वांत गंभीर आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यात विचार आणि भावनांबरोबर स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांतील गंभीर बिघाडाचाही समावेश आहे. मावशींचे विस्मरण त्या पातळीचे आहे की नाही हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. ते तसे असेल तर अशा व्यक्तींना ठेवून घेणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. नातेवाइकांबरोबर राहते घर तेवढे अशा संस्थेच्या व्याख्येतून वगळले आहे. साखळीने बांधण्यास या कायद्याने पूर्ण मनाई केली आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले 28 मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, त्यानंतरच या विषयाकडे देशाचे गांभीर्याने लक्ष गेले. इतर प्रकारे हालचाल रोखायची झाली तर तत्काळ होऊ घातलेली इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसावा लागतो, जबाबदार मनोविकारतज्ज्ञाची मान्यता असावी लागते, कारण आणि कालावधी नोंदवावा लागतो आणि प्रत्येक वेळी रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. त्यामुळे आगाऊ, कायमस्वरूपी संमतीला या कायद्यात जागा नाही. माणसे कमी म्हणून हात बांधणे हे तर कोणत्याच कायद्यात बसत नाही. ते कलम खोडल्याशिवाय सही करू नका.

देणगीबाबत सांगायचे तर आपण दरमहा ठरलेली रक्कम देता आणि त्या बदल्यात सेवा घेता, म्हणजे ती सेवेची किंमत आहे. पावतीवर ‘देणगी’ लिहिले की पुढे ग्राहक आयोगात गेल्यावर ही सशुल्क सेवा नव्हतीच, असा बचाव घेतला जातो. त्यामुळे शुल्क असा शब्द, महिना आणि सेवेचे स्वरूप लिहिलेली पावती मागा आणि पैसे बँकेतूनच द्या. जबाबदारी झटकणाऱ्या छापील कलमाने सेवेतील हलगर्जीपणाबद्दल दाद मागण्याचा हक्क जात नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, त्यामुळे निपाणीचे ठिकाण निवडलेत तरी ग्राहक तक्रार कोल्हापुरात चालू शकेल.

आता माझा सल्ला. या ठिकाणी नोंदणी नाही हे संस्थाचालकांनी आपल्याला तोंडी सांगितले आहे, म्हणून ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर मावशींना तिथे ठेवू नका. नोंदणीकृत शुश्रूषागृहात दीर्घ मुदतीची खाट मिळते का याची चौकशी आधी करा. कोणत्याही ठिकाणचा करार करताना त्यात रात्रपाळीच्या पात्र परिचारिकेची उपस्थिती, तातडीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात हलवणार, आणि शुश्रूषेच्या नोंदींची प्रत मागताच देण्याची हमी ही तीन कलमे घालून घ्या. डॉक्टरांनी वैद्यकीय नोंदी मागणीनंतर बहात्तर तासांत देण्याचे बंधन 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहेच, पण कूस बदलल्याचा आणि अन्न दिल्याचा कागद त्यात धरला जाईलच असे नाही, म्हणून तो करारात नाव घेऊन लिहा.